विशेष मुलाची फाईल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेताना : बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी

मार्कंडेय_काठ :

दरवर्षी एप्रिल-मे आला की हेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखरून येतात, म्हणून सगळं एका जागी आणतोय. या कामाची माहिती असणाऱ्यांनी भर घालावी. विनंती एवढीच की नेमकं लिहा : कुठलं ऑफिस, कुठला कागद, किती प्रती.

आपल्याकडं एका विशेष मुलाभोवती पाच खाती असतात. आरोग्य खातं, म्हणजे गावात मुलांची तपासणी करायला येणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथक आणि जिल्हा पातळीवरचं डीईआयसी (लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र). महिला व बालविकास, म्हणजे अंगणवाडी आणि सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी). शिक्षण खात्यात हेडमास्तर, सीआरपी (शाळांच्या गटाचे समन्वयक शिक्षक), बीईओ (गटशिक्षणाधिकारी) आणि तालुक्याचे विशेष शिक्षक. कर्नाटकात त्यांना बीआयईआरटी म्हणतात. विकलचेतन (दिव्यांग) सबलीकरण खात्याचा ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू (गावचा पुनर्वसन कार्यकर्ता), तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू (तालुक्याचा पुनर्वसन कार्यकर्ता) आणि जिल्ह्याला एक अधिकारी. पेन्शन आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी महसूल, म्हणजे आपली नाडकचेरी (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस).

मूल एकाकडून दुसऱ्याकडं गेलं की त्याचं नाव पुढं जातं. पण आठवड्यातून किती वेळा फिजिओथेरपी चालू होती, शेवटची बुद्ध्यांक चाचणी कधी झाली, कानाचं मशीन कुठल्या सेटिंगवर आहे, हे मागच्याच ऑफिसच्या कपाटात राहतं. एका खात्याच्या संगणकातली नोंद दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून हे कागद आपणच हातानं न्यायचे, दोन प्रतींत. एक तिथं द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊन घरी आणायची. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर शिक्का मिळेपर्यंत थांबा, नाहीतर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा.

गाडी तीन ठिकाणी अडते : सहाव्या वर्षी अंगणवाडीतून शाळेत जाताना, राज्याची हद्द ओलांडताना आणि अठरा पूर्ण होताना. आधी सहाव्या वर्षाचं लिहितो, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथंच हातातून निसटतात.

आरबीएसके २०१३ पासून आहे, वय शून्य ते अठरा. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते. पथक जी संदर्भचिठ्ठी देतं ती जपून ठेवा. मुलाच्या अडचणीची पहिली सरकारी नोंद तीच असते. तिच्यासोबत थायी कार्डाची (गरोदरपणात आईला मिळालेलं कार्ड) झेरॉक्स आणि मूल जन्मल्यावर काचेच्या पेटीत होतं असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड लावा. वाढ कधीपासून मागं पडली हे पुढच्या डॉक्टरांना त्यावरून कळतं.

शाळा जूनमध्ये उघडते, पण काम जानेवारीत सुरू करायचं. डीईआयसीकडून सारांश मागायचा आणि त्यात या गोष्टी आल्याच पाहिजेत : निदान, शेवटच्या तपासणीची तारीख, कुठल्या थेरपी आणि आठवड्याला किती, दिलेली साधनं, आणि पुढं काय चालू ठेवायचं. नुसती ओपीडीची चिठ्ठी नेली तर विशेष शिक्षक पहिल्यापासून तपासणी मांडतात, त्यात दोन-तीन महिने जातात.

अंगणवाडीसाठी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी वेगळी कार्यपद्धती काढली आहे. त्यात सेविकेनं लक्षणं ओळखून नोंद करायची आणि आशाताई व आरबीएसके पथकामार्फत पुढं पाठवायचं असं आहे. शाळेत जाताना त्या नोंदीची नक्कल सेविकेकडून घ्या. मूल स्वतःच्या हातानं जेवतं का, शी-शू सांगतं का, किती वेळ एका जागी बसतं, हे सेविकेला जितकं माहीत असतं तितकं कुठल्याच रिपोर्टात नसतं. तिनं चार ओळी लिहून सही केली तरी शाळेला मोठा आधार होतो.

शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांना लेखी द्या की यूडायस प्लस (देशभरच्या शाळांची संगणक नोंद) आणि एसएटीएस (कर्नाटकाची विद्यार्थी नोंद) दोन्हीकडं मुलाची ‘विशेष गरजा’ ही नोंद, दिव्यांगत्वाच्या प्रकारासह, करावी. सगळं या एका रकान्यावर चालतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत अशा प्रत्येक मुलामागं वर्षाला ३,५०० रुपये धरलेले असतात. मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने, थेट खात्यात. प्रवास आणि मदतनीस भत्ता, साधनांचं शिबिर हे वेगळं. रकाना रिकामा राहिला की मूल वर्गात बसलेलं असूनही हिशोबात धरलं जात नाही. यूडायसची माहिती ठराविक दिवसांत भरून बंद होते. त्यानंतर चूक कळली तर वर्ष गेलं.

—

खानापूरकर :

मार्कंडेय सर, फार उपयोगी. जांबोटी, कणकुंबी भागात वेगळाच पेच दिसतोय. अंगणवाडीताई म्हणतात सहा पूर्ण झालं, आता इथं नाव ठेवता येत नाही. शाळा म्हणते याला इथं जमणार नाही, बेळगावला विशेष शाळेत घाला. रोज बेळगावला न्यायची सोय नाही. मूल दोन्हीकडून सुटतंय. अशा वेळी कागदावर काय म्हणायचं?

—

दप्तर :

खानापूरकर, शाळेला असं म्हणायचा अधिकार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि ‘किंवा’ यातली निवड मुलाच्या बाजूची आहे. कलम १६ प्रमाणे अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. तीव्र किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आला. तोही पालकांनी निवडायचा पर्याय आहे, शाळेनं हात झटकायची वाट नाही.

प्रत्यक्षात करायचं असं. प्रवेश अर्ज तोंडी मागू नका, लेखी द्या. नकार दिला तर ‘नकाराचं कारण लेखी द्यावं’ अशी एक ओळ त्याच अर्जाखाली लिहून शिक्का मागा. बहुतेक ठिकाणी इथंच प्रवेश होतो. नाही झाला तर त्या प्रतीसह बीईओंना अर्ज करा आणि त्यात तीन मागण्या वेगवेगळ्या ओळींत लिहा : प्रवेश द्यावा, बीआयईआरटींनी मुलाची तपासणी करून वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा, आणि मूल शाळेत रोज येऊ शकत नसेल तर घरच्या शिक्षणाच्या यादीत नाव घ्यावं. तिन्ही एकाच वाक्यात कोंबल्या तर उत्तर फक्त पहिल्या मागणीचं येतं.

वयाचं म्हणाल तर पहिलीसाठी आपल्याकडं १ जूनला वय मोजतात. मूल सात-आठ वर्षांचं होऊन पहिल्यांदाच शाळेत येत असेल तरी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश आहे. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, कलम १४.

आणखी एक, जे बरेच पालक विसरतात. शाळेत नाव घातलं म्हणजे डीईआयसीचं नाव काढायचं नसतं. थेरपी आरोग्य खात्याकडं, शिक्षण शिक्षण खात्याकडं, दोन्ही सोबत चालतात. फक्त डीईआयसीला सांगून थेरपीचा वार शाळेच्या वेळेशी जुळवून घ्या, आणि त्या वारी उशिरा येण्याची परवानगी हेडमास्तरांकडून लेखी घ्या, म्हणजे हजेरी जात नाही.

—

निपाणी_नाका :

हद्दीचा प्रश्न मांडतो. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडून बरीच कुटुंबं कामासाठी निपाणी, बेळगावात येतात आणि इकडची तिकडं जातात. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र महाराष्ट्रातलं, शाळा महाराष्ट्रातली. इथं आल्यावर ‘हे आमच्याकडं चालत नाही, नवीन काढा’ असं सांगतात. पूर्ण नव्यानं काढावं लागतं का?

—

टपाल :

नाही लागत. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५८(३) : या कायद्याखाली दिलेलं प्रमाणपत्र देशभर वैध. पाठ करून ठेवा आणि अर्जात आकड्यासह लिहा. यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभरचं ओळखपत्र) नंबर एकदा मिळाला की राज्य बदललं तरी तोच राहतो. पोर्टलवर फक्त पत्ता बदलायचा. त्याआधी आधारवरचा पत्ता बदला, नाहीतर यूडीआयडीचा बदल अडतो.

अडचण येते ती जुन्या कागदांची. महाराष्ट्रात २०१२ पासून काही वर्षं एसएडीएम नावाच्या संगणक प्रणालीतून प्रमाणपत्रं दिली गेली. तुमच्याकडं फक्त तेच असेल तर हद्द ओलांडायच्या आधी, महाराष्ट्रातच, ते यूडीआयडीत बदलून घ्या. इथं आल्यावर जुन्या प्रमाणपत्राची खातरजमा करायला मूळ रुग्णालयालाच विचारावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

दुसरी अडचण नावाची. महाराष्ट्रात ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग ‘डी-एन-वाय’नं सुरू होतं, कर्नाटकात ‘जे-एन’नं.  महाराष्ट्रात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहितात. इकडं कित्येक दाखल्यांवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आधार, यूडीआयडी, शाळेचा दाखला, बँक पासबुक या चारांवर इंग्रजी अक्षरन् अक्षर एक पाहिजे. एक अक्षर फिरलं की शिष्यवृत्ती, मुलींचा भत्ता, पेन्शन सगळं ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत. चौघांत आधार आधी दुरुस्त करा, बाकीचे त्याच्याशी जुळवा. उलट क्रमानं केलं तर दोनदा करावं लागतं.

मुदत तपासायला विसरू नका. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अडचणीत ‘जीडीडी’, म्हणजे एकूण विकासातला उशीर, असं निदान लिहितात. पाचच्या पुढं बौद्धिक दिव्यांगत्वाचं. त्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण पाच, दहा आणि अठराव्या वर्षी ठेवलं होतं. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या आहेत, म्हणून आता कार्डावर छापलेली तारीखच प्रमाण माना. ती संपायच्या तीन महिने आधी अर्ज टाका. मुदत संपलेलं कार्ड घेऊन दुसऱ्या खात्यात गेलात तर तिथं नवीन नोंद होत नाही आणि जुन्या खात्याकडं परतही जाता येत नाही.

कार्डाच्या रंगांचंही लोक विचारतात. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांप्रमाणे ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढं निळं.

—

दप्तर :

शाळेच्या बाजूचं मी पुरं करतो. महाराष्ट्राच्या विद्यार्थी नोंदीचा सरल नंबर इथं उपयोगाचा नाही आणि इथला एसएटीएस तिकडं नाही. दोन्हीकडं चालतो तो पेन, म्हणजे यूडायस प्लसवरचा मुलाचा कायमचा नंबर, अकरा आकडी. जुन्या शाळेनं मुलाला यूडायस प्लसवर ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकलं की नवी शाळा पेन आणि जन्मतारखेवरून त्याला ओढून घेते. जुन्या शाळेनं सोडलंच नाही तर नवीन शाळा कधीकधी वैतागून दुसरी नोंद करते, आणि मग एका मुलाचे दोन पेन होतात. ते निस्तरायला वर्ष लागतं. म्हणून गाव सोडायच्या दिवशी जुन्या शाळेच्या संगणकासमोर बसून ड्रॉपबॉक्समध्ये गेल्याची खात्री करा, पेनचा कागद छापून घ्या, आणि त्यावर विशेष गरजेचा प्रकार बरोबर दिसतोय का पाहा.

दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा, राज्य बदलताना ती मागतात. तरीही दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा कलम ५.

आता हे जरा नीट वाचा, कारण निपाणी-अथणीवाल्यांची इथं फसगत होते. महसुली जिल्हा एकच असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, गोकाक, अथणी, कागवाड हे चिकोडीच्या उपसंचालकांकडं. बेळगाव शहर-ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग हे बेळगावकडं. पण दिव्यांग कल्याण अधिकारी आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस अख्ख्या जिल्ह्याला बेळगावातच. म्हणजे निपाणीच्या मुलाचा शिक्षणाचा अर्ज चिकोडीला आणि पालकत्वाचा (अठरानंतर कायदेशीर पालक नेमण्याचा) बेळगावला. निपाणीतून कुटुंब बेळगाव शहरात राहायला आलं तर लोक म्हणतात जिल्हा तोच आहे, काही करायला नको. करायला लागतं. बीआयईआरटी बदलतात, आराखडा बदलतो, साधनांच्या शिबिराची यादी बदलते. निपाणीच्या यादीत मंजूर झालेली सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची खास खुर्ची) बेळगावात आपोआप येत नाही. सीडीपीओची हद्द आणि बीईओची हद्द एकच असेल असंही धरू नका. अर्ज करण्याआधी विचारून घ्या.

—

अथणी_कागवाड :

आमच्याकडचं बघा की. कागवाड, उगार, शेडबाळहून मिरज जवळ आणि बेळगाव शंभर किलोमीटरच्या पुढं. मुलांवर उपचार मिरजेच्या सरकारी रुग्णालयात चालू असतात. तपासणीसाठी बेळगावलाच जायला पाहिजे का? सेरेब्रल पाल्सीचं पोर घेऊन दोन बस बदलत जाणं म्हणजे दिवस मोडतो, शिवाय पोराचे हाल होतात ते वेगळेच.

—

टपाल :

अथणी_कागवाड, २०१७ च्या नियमांत दोन वाटा आहेत : राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडं, किंवा त्या दिव्यांगत्वासाठी जिथं उपचार चालू आहेत किंवा झालेत त्या सरकारी रुग्णालयात. मिरजेचे केसपेपर असतील तर दुसरी वाट मोकळी आहे. पोर्टलवर अर्ज भरताना रुग्णालय राहत्या राज्याबाहेरचं आहे का असं विचारलं जातं, तिथं होय म्हणा आणि रुग्णालय निवडा. पत्ता मात्र कागवाडचाच ठेवा. जवळच्या पाहुण्यांचा मिरजेतला पत्ता घातला तर कार्ड तिकडचं होतं, आणि इथली पेन्शन, बसपास, शिष्यवृत्ती तिन्ही अडतात. ही चूक फार जण करतात.

बसपासचं : वायव्य कर्नाटक परिवहनचा दिव्यांग पास सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून निघतो, तो घरापासून १०० किलोमीटरपर्यंत चालतो आणि दरवर्षी नवीन करावा लागतो. थेरपीचं केंद्र बदलणार असेल तर नवा मार्ग या अंतरात बसतोय का ते आधी मोजा.

—

शब्दश्रवण :

कानाच्या मुलांचं मी लिहिते, कारण यांच्या बाबतीत एक महिना वाया गेला तरी भाषेचं नुकसान भरून निघत नाही.

केंद्र बदलताना ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख), बेरा तपासणी (ऐकण्याच्या नसेची) झाली असेल तर तिचा रिपोर्ट, मशीनचं मॉडेल, अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्ड एवढं न्या. कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र) असेल तर त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘मॅप’. मुलाच्या कानात किती विद्युत पातळीवर आवाज सोडायचा त्याची ती मांडणी असते आणि ती केंद्राच्या संगणकात, इम्प्लांट कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. निघताना तिची फाईल पेनड्राइव्हवर आणि छापील प्रत दोन्ही मागा. ही नसेल तर नव्या केंद्राला पहिल्यापासून पातळ्या शोधाव्या लागतात. लहान मूल ‘ऐकू आलं’ असं सांगू शकत नाही, त्यामुळं तेवढे दिवस त्याला नीट ऐकूच येत नाही.

शाळेसाठी एक साधी गोष्ट. वर्गात मशीनमधून शिट्टी वाजायला लागली की शिक्षक मशीन बिघडलं म्हणून काढून दप्तरात ठेवायला सांगतात. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, इअर मोल्ड (कानात बसणारा साचा) सैल झालेला असतो. मुलाचा कान वाढतो आणि मोल्ड तेवढाच राहतो, मग फटीतून आवाज बाहेर येऊन परत माईकमध्ये शिरतो, तीच शिट्टी. लहानपणी मोल्ड काही महिन्यांनी बदलायलाच लागतो. हे दोन ओळींत मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून वर्गशिक्षकांकडं द्या.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेत तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्षच. हे न सांगता परत पाठवलं तर नियम दाखवा. कुटुंबाचं उत्पन्न महिना २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. दाखला नाडकचेरीचा पाहिजे. महाराष्ट्राच्या तहसीलदाराचा इथल्या शिबिरात अडतो, म्हणून राहायला आल्या आल्या त्याचा अर्ज टाका.

भाषेबद्दल कळकळीनं सांगते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची वाचा किंवा बुद्ध्यांक चाचणी कन्नडमध्ये घेतली तर ते मूल आहे त्यापेक्षा मागं दिसतं. चाचणी घेणाऱ्यांचा यात दोष नसतो, त्यांना मराठी येत नसतं एवढंच. आईनं किंवा वडिलांनी शेजारी बसून सूचना मराठीत सांगू द्याव्यात अशी विनंती करा, आणि रिपोर्टात दोन वाक्यं लिहून घ्याच : घरची भाषा मराठी, चाचणी अमुक भाषेत घेतली. पुढच्या खात्यात जाणारा कागद हाच असतो. हे वाक्य नसेल तर तोच चुकीचा आकडा वर्षानुवर्षं मुलाच्या मागं फिरतो.

—

दप्तर :

शब्दश्रवण ताई, अगदी बरोबर. त्यालाच धरून अध्ययन अक्षमतेचं सांगतो. २०१८ च्या सूचनांत याचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून आणि पुन्हा तपासणी चौदा व अठराव्या वर्षी अशी होती. मराठी माध्यमाच्या मुलाची वाचन-लेखन चाचणी फक्त कन्नड किंवा इंग्रजीत झाली तर निष्कर्ष लावताना घोळ होतो. मराठी वह्यांच्या दहा-बारा पानांच्या झेरॉक्स सोबत न्या, अक्षरं उलटी, काने-मात्रे गळालेले असे खुणा केलेले. २०१५ च्या कन्नड अध्ययन कायद्याप्रमाणे इथल्या शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, त्यामुळं महाराष्ट्रातून सहावी-सातवीत आलेल्या अशा मुलावर एकदम नवीन लिपीचा भार पडतो. भाषेच्या पेपरमधली सवलत, लेखनिक, जादा वेळ हे सगळं दहावीच्या नोंदणीच्या वेळीच शाळेमार्फत मागायचं असतं, परीक्षा तोंडावर आल्यावर नाही. जादा वेळ केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाची परवानगी एका शाळेत मिळाली म्हणून दुसऱ्या शाळेत लागू होत नाही. शाळा बदलली की अर्ज परत.

—

खानापूरकर :

अर्ज मराठीत दिला तर चालतो का? आणि फॉर्म कन्नडमध्ये असतो तेव्हा कुठल्या रकान्यात काय लिहायचं तेच कळत नाही.

—

मार्कंडेय_काठ :

मजकूर मराठीत लिहा, हरकत नाही, पण विषयाची ओळ कन्नडमध्येही लिहा. टेबलावर अर्ज आला की आधी ती ओळ वाचून तो कुठल्या शाखेला जायचा ते ठरतं. विषय कळला नाही तर अर्ज चुकीच्या शाखेत पडून राहतो. व्हीआरडब्ल्यूकडून ती एक ओळ लिहून घ्या, त्यांचं ते कामच आहे आणि बहुतेक जण आपुलकीनं करतात. त्यातले बरेच स्वतः दिव्यांग असतात, त्यांना वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

फॉर्मवर दिसणारे शब्द : अर्जी किंवा मनवी म्हणजे अर्ज. स्वीकृती म्हणजे पोच. काउंटरवर हाच शब्द वापरा, ‘स्वीकृती कोडी’ म्हटलं की लगेच कळतं. वर्गावणे पत्र म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. दाखलाती म्हणजे प्रवेश. आपण दाखला म्हणतो तो हा नव्हे, इथं गफलत होते. आदाय प्रमाण पत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला, वासस्थळ म्हणजे रहिवास. अंगविकलते प्रमाण पत्र म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र, आणि शेकडा म्हणजे टक्केवारी. इलाखे म्हणजे खातं. पोषकरू म्हणजे पालक, त्या रकान्यात आई किंवा वडिलांचं नाव.

—

निपाणी_नाका :

अठराचं कुणी लिहिलं नाही अजून.

—

टपाल :

अठराव्या वाढदिवसाला तीन दारं एकदम बंद होतात : आरबीएसके, कलम ३१ चं मोफत शिक्षण, आणि आईवडिलांचं आपोआप असलेलं पालकत्व. शेवटचं लोकांच्या लक्षातच येत नाही. मुलाचं बँक खातं अज्ञान म्हणून उघडलेलं असतं. अठरा झाल्यावर बँक त्याची सही मागते, त्याला सही करता येत नाही, आणि पेन्शन खात्यात अडकून बसते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली डीसींच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. त्या समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेचंही सांगणं आहे. बाकीच्या दिव्यांगत्वांना २०१६ च्या कायद्याचं कलम १४, तिथं मर्यादित पालकत्व मिळतं, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे.

सतरा पूर्ण झाल्यावरच तयारी करा : मुलाचं यूडीआयडी, आधार, जन्मदाखला, आईवडिलांचं आधार, राहण्याचा पुरावा, फोटो. अठरा झाल्याच्या आठवड्यात अर्ज आत गेला पाहिजे. समितीची बैठक दर महिन्याला होईलच असं नाही, म्हणून अर्ज दिल्यावर पुढची बैठक कधी आहे ते लेखी विचारा. अठरापर्यंत शाळेनं केलेले सगळे आराखडे आणि विशेष शिक्षकांचे अहवाल एका फाईलीत लावून घ्या. पुढं व्यावसायिक प्रशिक्षणाला किंवा दिवसभराच्या केंद्रात घालताना तेवढंच हातात असतं.

याच चार गटांसाठी न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंत, ओपीडीतली थेरपीही त्यात येते. राज्य बदललं तरी तो चालू राहतो, फक्त दरवर्षी नूतनीकरण चुकवू नका.

—

अथणी_कागवाड :

सगळं केलं, शिक्का घेतला, दोन महिने झाले, उत्तर नाही. पुढं?

—

दप्तर :

क्रमानं जा. नाडकचेरीचं काम असेल तर पोचवर पंधरा आकडी सकाला (मुदतीत सेवा देण्याची राज्याची योजना) नंबर असतो, त्यावर मुदत किती आणि अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते दिसतं. मुदत उलटली की त्याच नंबरावर अपील. शाळा, सीडीपीओ किंवा डीईआयसीचं असेल तर १९०२ वर जनस्पंदन या राज्याच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून नंबर घ्या.

त्यानंतर माहिती अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि कर्नाटकाचा नियम लक्षात ठेवा : एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दोन पानी अर्ज लिहिला तर याच कारणानं परत येतो. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. विचारा : अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तर द्यायच्या आधी कामच होतं.

तेही नाही झालं तर बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडं साध्या कागदावर तक्रार, पोस्टानं चालते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० प्रमाणे त्यांना चौकशीचा अधिकार आहे आणि कलम ८२ प्रमाणे साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यात दिवाणी कोर्टाइतके अधिकार आहेत. शिक्का मारलेल्या प्रती इथंच उपयोगी पडतात. त्या नसतील तर खातं म्हणतं अर्ज आलाच नाही.

—

निपाणी_नाका :

वर सीपी चेअरचा उल्लेख आलाय. शिबिरात माप घेतात आणि खुर्ची येते पाच-सहा महिन्यांनी, तोवर पोर वाढलेलं असतं. यावर काही?

—

शब्दश्रवण :

माप घेताना आकडे तुम्हीही लिहून ठेवा : बसल्यावर कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, आणि बसल्यावर डोक्याची उंची. घरी दर दोन महिन्यांनी शिवणाच्या टेपनं परत घ्या. खुर्ची वाटपाला येईल त्या दिवशी मुलाला तिथंच बसवून बघा. पाय पायपट्टीवर टेकले पाहिजेत, गुडघ्यामागं दोन बोटं जातील एवढी जागा हवी, आणि पट्टा लावल्यावर कंबर एका बाजूला कलता कामा नये. बसत नसेल तर घेतल्याची सही करू नका. सही झाली की बारा वर्षांखालच्या मुलालाही पुढचं वर्षभर दुसरी मिळत नाही. वाटपाच्या पावतीवरच ‘माप जुळत नाही’ असं लिहून बीआयईआरटींची सही घ्या, आणि नवी मापं त्याच कागदावर उतरवा.